पुन्हा तापव, पुन्हा तोल

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत महाजन मॅडमनी मला विचारलं, "काय शिकवते तू?" मी म्हटलं, "गणित." त्यांनी मान हलवली, डबा उघडला, भाकरी मोडली, शांतपणे दोन घास खाल्ले आणि परत विचारलं, "काय शिकवते म्हणे?" मला वाटलं, बाईंना ऐकायला कमी येत असेल. मी आवाज चढवून सांगितलं, "गणित, मॅडम, गणित." स्टाफरूममधले सगळे हसायला लागले. मॅडम अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बहिरी नाही मी. दोन्ही वेळा सारखं आलं. आता मानते."

शकुंतला महाजन. मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहा, असं शाळेतल्या दोघीतिघींनी सुचवलं, म्हणून मी लिहायला बसले, तर मनात सगळ्यात आधी आला तो राग. माया, आदर, दुःख हे सगळं नंतर आलं. या बाईने माझ्या नाकी नऊ आणले होते आणि गेल्यावरही ती मला स्वस्थ बसू देत नाही.

सगळं दोनदा. शिपायाने चहा आणला की, "साखर टाकली का?" आणि अर्धा कप संपल्यावर पुन्हा, "साखर टाकली का?" ऑटोवाल्याला बसण्याआधी, "सिंधीपुरा चलोगे?" आणि बसल्यावर, "सिंधीपुरा ना?" पालक भेटायला आले की एकच प्रश्न सुरुवातीला आणि निघताना. मुलगी घरी किती वाजता अभ्यासाला बसते? पहिल्यांदा आई सांगायची, सात वाजता. निघताना सांगायची, जेवण झाल्यावर बसते. मग मॅडम म्हणायच्या, "दोन्ही वजनं जुळली नाही. अजून आत काहीतरी आहे. बसा." आणि ती बिचारी परत खुर्चीत बसायची.

याचं मूळ त्यांच्या प्रयोगात होतं. मी गणिताची, पण त्यांच्या प्रयोगशाळेच्या बाजूच्याच वर्गात शिकवायची, त्यामुळे तो प्रयोग मला त्यांच्या मुलींइतकाच पाठ झाला होता. आपला नेहमीचा खाण्याचा सोडा चिनी मातीच्या बशीत घ्यायचा, तोलायचा आणि दिव्यावर तापवायचा. तापला की त्याचं विघटन होतं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातात आणि बशीत धुण्याचा सोडा उरतो. म्हणजे होतं त्यापेक्षा कमी उरतं. आता मॅडमचा प्रश्न असा की जेवढं कमी झालं त्यावरून आधी बशीत खरा सोडा किती होता ते सांग. सगळी पुस्तकं सरळ चालतात, एवढा घेतला तर एवढा उरेल. मॅडम उलट्या चालायला लावायच्या. "उरलेलं तर कोणीपण पाहते. गेलं किती, ते आधी सांग."

समीकरणात सोड्याचे दोन रेणू फुटतात. दोघांचं मिळून वजन एकशे अडुसष्ट, त्यातले बासष्ट हवेत जातात, एकशे सहा उरतात. मुली हमखास एकच रेणू धरायच्या, चौऱ्याऐंशी, आणि उत्तर निम्मं यायचं. दर वर्षी. भिंतीपलीकडून मला मॅडमचा आवाज ऐकू यायचा, "दोन कुठं गेला? समीकरणात लिहिला, मग गणितात कुठं गेला? रस्त्यात पडला का?" एकदा माझ्याच वर्गात मी कसलासा गुणाकार सांगत होते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "दोन कुठं गेला?" सगळ्या वर्गात हशा पिकला. मी रागावले आणि मग मलाही हसू आवरेना.

तर तापवायचा, आणि तापवल्यावर लगेच तोलायचा नाही. गरम बशी तराजूवर ठेवली की वजन खोटं येतं, म्हणून काचेच्या झाकणाखाली ती गार होऊ द्यायची. याला चांगला वेळ लागतो. गार झाली की तोलायची. मग पुन्हा तापवायची, पुन्हा गार करायची, पुन्हा तोलायची. दोन्ही वजनं सारखी आली तर समजायचं की जे जायचं ते सगळं गेलं. नाही आली, तर पुन्हा. "पुन्हा तापव, पुन्हा तोल," हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की कधी कधी भाजी करताना कानात वाजतं.

बशी गार होईपर्यंत मुलींनी काय करायचं? बसायचं. बोलायचं नाही, वही काढायची नाही, घड्याळाकडे पाहायचं नाही. बाकी शाळा एका तासिकेत दोन प्रयोग उरकायची आणि महाजन मॅडमच्या मुली बशीभोवती बसून ती गार व्हायची वाट पाहायच्या. प्राचार्य खिडकीतून डोकावायचे आणि कपाळाला आठ्या घालून पुढे जायचे. कधी कधी मॅडमचा स्वतःचाच धीर सुटायचा, मग त्या आपल्या गावच्या, दापोऱ्याच्या गोष्टी काढायच्या.

दापोऱ्याला त्यांच्या भावाची केळीची बाग होती. भाच्याच्या लग्नात घरच्याच केळीचे वेफर करायचे ठरले. वहिनींनी सहज विचारलं की एवढ्या वेफरला कच्ची केळी किती तोडायची. झालं. मॅडमनी अंगणात तराजू मांडला. दोन फण्या सोलल्या, सालं तोलली, चकत्या तोलल्या, तळून पुन्हा तोलल्या. साल किती गेली, पाणी किती गेलं, तेल किती आलं, असा सगळा उलटा हिशोब करून त्यांनी घडांचा आकडा सांगितला. तेवढीच केळी तोडली. लग्नाच्या आदल्या दिवशी वेफर कमी पडले, चांगले डबाभर कमी पडले. मॅडमना खाली पाहायची वेळ आली. वहिनी हसून म्हणाल्या, "शकुताई, तुमच्या हिशोबात आमची पोरं कुठं होती? कढईतून काढला घाणा का अर्धा तिथंच खाऊन राहिले होते."

दुसरं कोणी असतं तर ही गोष्ट सांगितलीच नसती. मॅडम दर वर्षी मुलींना सांगायच्या आणि शेवटी बोट वर करून म्हणायच्या, "चूक कोणाची? माझी. खाऊन गेलेलं पण गेलेलंच असते. मी फक्त साल अन् पाणी मोजलं." मुली हसायच्या आणि तोवर बशी गार झालेली असायची.

रागीट होत्या, पण तो राग नाकावर असायचा तेवढाच. मला त्यांच्या रागाचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्यांच्या न वाकण्याचा. आमच्याकडे बारावीचं प्रॅक्टिकल कसं होतं, हे लपून राहिलेलं नाही. बाहेरून परीक्षक येतात, त्यांना त्याच दिवशी आणखी एखादी शाळा उरकायची असते. मुलांच्या फायलीत आकडे आधीच लिहिलेले असतात, पुस्तकात असतात तसे. तेच आकडे परीक्षक वाचतात, मावा जलेबी खातात, सही करतात आणि गाडीत बसतात. कोणाचं काही बिघडत नाही. मुलांना भरभरून मार्क मिळतात, शाळेचा फलक लागतो. मॅडमच्या वर्गात मात्र आकडा सांगायचा नाही. जो आला तोच लिहायचा. पुस्तकाशी हुबेहूब जुळणारा आकडा कोणी आणला तर त्या संशयाने बघायच्या आणि विचारायच्या, "इतकं बरोबर कसं आलं गं?"

ज्या वर्षाचं सांगायचं आहे, त्या वर्षी वैशाली बारावीला होती. डोईफोडियाची मुलगी. शहरात मावशीकडे राहून शिकत होती. हुशार, अबोल, अक्षर सुंदर. दोन कुठेही न विसरणारी ती एकटीच, त्यामुळे मॅडमचा तिच्यावर जीव. त्याच वर्षी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी तिथेच वेळापत्रक घेऊन उभी होते. ते म्हणाले, "मैडम, पिछले साल भी प्रैक्टिकल में सबसे कम नंबर आपके बच्चों के थे। माँ-बाप मुझसे पूछते हैं। इस बार भी ऐसा हुआ तो बारहवीं मैं किसी और को दूँगा। मजबूरी है मेरी।" मॅडमनी विचारलं, "बारहवीं मुझसे ले लेंगे?" प्राचार्य म्हणाले, "हाँ." मॅडम दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि पुन्हा विचारलं, "बारहवीं ले लेंगे?" प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "हाँ मैडम." मॅडम बाहेर पडल्या आणि मला म्हणाल्या, "खरं बोलून राहिला तो."

बारावी गेली तर या बाईकडे काय उरेल, हे मला कळत होतं. लग्न केलं नव्हतं. सिंधीपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि खिडकीत तुळस. जे काही होतं ते त्या प्रयोगशाळेत होतं, काचेच्या पेटीतल्या त्या जुन्या दोन पारड्यांच्या तराजूपाशी. मी त्यांना अक्षरशः हात जोडले.

"मॅडम, एक दिवस. फक्त परीक्षेच्या दिवशी आकडा सांगून टाका. बाकी वर्षभर तुम्हाला करायचं ते करा."

"आकडा सांगितला तं पोरी करतील काय?"

"लिहितील. मार्क घेतील. पुढे जातील."

"अन् बशीत काय आहे ते कोण सांगीन?"

"बशीत काय आहे याच्याशी कोणाला देणंघेणं आहे, मॅडम?"

 मॅडम म्हणाल्या, "तू गणित शिकवते न वंदना, म्हणून तुले असं वाटते. तुमच्यात जे लिहिलं तेच असते." मला इतका संताप आला की मी तो आठवडाभर त्यांच्याशेजारी डबा खाल्ला नाही.

परीक्षा तोंडावर आली तरी शाळेने मागवलेली रसायनं आली नव्हती. मॅडमनी चौकातल्या किराणा दुकानातून खाण्याचा सोडा आणला. तो उघड्या पोत्यातला निघाला, किती दिवस तसा पडला होता देव जाणे. मुलींनी आठ पॉइंट चार ग्रॅम घेतला. पुस्तकाप्रमाणे पाच पॉइंट तीन उरायला हवा होता. उरला पाच पॉइंट नऊ. सगळ्यांचा तेवढाच, उन्नीस-बीस. पुन्हा तापवला, पुन्हा गार केला, पुन्हा तोलला. पाच पॉइंट नऊ. मुलींच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम मात्र खूश झाल्या. खरंच सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. "पाहा," म्हणाल्या, "अडीच ग्रॅमच गेलं. मग आधी सोडा होता किती? उलटं चला."

मुलींनी अडीचला एकशे अडुसष्टने गुणलं, बासष्टने भागलं. पावणेसात ग्रॅम आलं. म्हणजे आठ पॉइंट चारमध्ये खरा सोडा पावणेसातच होता.

वैशालीने विचारलं, "मग बाकीचं काय हाय मॅडम?"

"मले माहीत नाही. जुना झाला असंन, कोणी काही मिसळलं असंन. या प्रयोगातून ते कळत नाही."

"मग काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिही."

आणि त्या मुलीने तिच्या त्या सुंदर अक्षरात तसंच लिहिलं.

परीक्षक आले ते घाईत. त्यांचा मी नखभरही आदर करू शकत नाही, पण वाईट माणूस होता असंही म्हणवत नाही. घाईत होता, इतकंच. पहिली फाइल उघडली, आकडा बघितला, दुसरी उघडली, तिसरी उघडली. "ये क्या है? सबका गलत?" मॅडम सांगायला लागल्या, की सोडाच शुद्ध नव्हता, मुलींनी उलट हिशोब करून तो किती होता ते काढलं आहे. परीक्षक म्हणाले, "मैडम, प्रयोग का उत्तर पाँच पॉइंट तीन है।" मॅडम म्हणाल्या, "सर, आप खुद तौल लीजिए। बस ठंडा होने दीजिए।" परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मग त्यांचं लक्ष वैशालीच्या फायलीतल्या शेवटच्या ओळीकडे गेलं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'बाकी क्या है, पता नहीं।' ये बारहवीं के बच्चे का उत्तर है?"

वैशाली खाली बघत उभी होती. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी दारात होते, मावा जलेबीची ताटली हातात घेऊन. ती ताटली कोणाच्या तरी डोक्यात घालावी असं मला वाटत होतं. कोणाच्या, ते मात्र ठरत नव्हतं.

सगळ्या वर्गाचे मार्क कापले गेले. वैशालीचे सर्वांत जास्त, त्या एका ओळीपायी. निकाल लागल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. रडली वगैरे नाही. मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझं बरोबर होतं न?"

"हाव."

"दोन्ही वजनं सारखी आली होती."

"हाव बेटा, आली होती."

"मग बरोबर असून मले काय भेटलं?"

 वैशाली थोडी थांबली, नमस्कार केला आणि गेली. प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची सवय तिला लागलेली नव्हती. मॅडम डब्याचं झाकण लावत बसल्या. ते झाकण काही नीट बसेना. मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि तेवढाच रागही आला. एका मुलीचं नुकसान करून कसलं खरं सांभाळलं यांनी, असं मी मनात म्हटलं. आजही ते मी पूर्ण मागे घेतलेलं नाही.

जूनमध्ये मॅडमना सहावी-सातवी दिली. बारावीला एक तरुण सर आले. ते पडद्यावर गणितं दाखवायचे आणि उत्तर काढायच्या युक्त्या सांगायचे. चांगलं शिकवायचे, मार्क यायला लागले. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मग तिच्यात गॅदरिंगच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या गेल्या, मग जुने पंखे. मॅडम तिच्यासमोरून जाताना मान वळवायच्या नाहीत. सहावीच्या मुलांना मात्र त्यांनी सोडलं नाही. एकदा पाहिलं तर ती एवढीएवढी पोरं शाळेच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या काट्यावर चुनखडीचे खडे तोलत होती, दोन दोनदा. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. प्राचार्य म्हणाले की मॅडमचा आम्हाला फार अभिमान आहे. मॅडम माझ्याकडे वाकून पुटपुटल्या, "पुन्हा विचारून पाहू का त्याले?" मग त्या सिंधीपुऱ्यातल्या खोल्या सोडून दापोऱ्याला भावाकडे राहायला गेल्या.

आणि मग वैशाली आली. बीएस्सी, एमएस्सी, बीएड करून आमच्याच शाळेत, बारावीच्या रसायनशास्त्राला. साडी नेसून स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी ओळखलंच नाही. येताच तिने प्राचार्यांच्या मागे लागून प्रयोगशाळा उघडवली. खुर्च्या बाहेर काढल्या, टेबलं घासून घेतली, काचेच्या पेटीतला तराजू स्वतः पुसला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच दिवशी दापोऱ्याला फोन केला. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वैशालीने स्वतः मॅडमना बोलावलं. "एकदा येऊन पाहून जा मॅडम, लॅब परत चालू केली."

मॅडम आल्या. वाळल्या होत्या, काठी हातात होती, दुसऱ्या हातात वेफरची पिशवी. प्रयोगशाळेच्या दारात त्या जरा थांबल्या. मुली उभ्या राहिल्या. प्रत्येकीपुढे फाइल उघडी होती, बशी होती, दिवा होता. मॅडम पहिल्या मुलीपाशी गेल्या.

"तुझं किती आलं?"

"पाच पॉइंट तीन, मॅडम."

"तुझं?"

"पाच पॉइंट तीन."

"तुझं?"

सगळ्यांचं पाच पॉइंट तीन. मॅडम परत पहिल्या मुलीकडे आल्या आणि पुन्हा सुरुवात केली. तुझं किती? पाच पॉइंट तीन. तुझं? पाच पॉइंट तीन. दोन्ही वेळा तंतोतंत. आयुष्यभर ज्या नियमावर त्यांनी विश्वास ठेवला होता, त्याप्रमाणे आता मानायला हवं होतं. मॅडमनी एक बशी उचलली आणि तिच्या बुडावरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली नाही. शेजारी सोड्याचं पाकीट होतं, ते फोडलेलंसुद्धा नव्हतं.

 मला वाटलं, आता या बोलणार. वैशालीने मुलींना वर्गात जायला सांगितलं. सगळ्या गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "या पोरींचे मार्क मी नाही जाऊ देणार मॅडम. माझे गेले होते."

मॅडमनी नुसतं "हं" केलं. स्टूल ओढलं, पाकीट फोडलं आणि म्हणाल्या, "चल, एक करून पाहू. आपल्यासाठी." चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. चिमट्याने एकेक वजन उचलत तराजूचा काटा त्यांनी मधोमध आणला. वैशालीने दिवा लावला. बशी तापली, झाकणाखाली गेली आणि मग आम्ही तिघी बसून राहिलो. किती वर्षांनी मी त्या खोलीत ते बसणं पाहिलं. मॅडमनी वेफरची पिशवी फोडून आमच्यापुढे केली.  मॅडम अधूनमधून बशीला बोट लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. वैशालीने दोनदा घड्याळ बघितलं.

गार झाल्यावर तोललं. पाच पॉइंट पाच.

"जवळच आहे मॅडम," वैशाली म्हणाली. "चालंन."

"अजून आत आहे. पुन्हा तापव."

एवढ्यात बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. दापोऱ्याची शेवटून दुसरी गाडी पकडायची होती. नंतरची अंधारात पोहोचते म्हणून भावाने बजावलं होतं. मॅडम नाइलाजाने उठल्या. जाताना वैशालीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "दुसरं वजन मले फोन करून सांग. विसरू नको."

त्यांना ऑटोत बसवलं तेव्हा लक्षात आलं की चष्मा टेबलावरच राहिला. मी परत वर गेले. प्रयोगशाळेत वैशाली कपाटाला कुलूप लावत होती. दिवा विझलेला होता. ती बशी धुऊन नळाजवळ पालथी ठेवली होती, तिच्यावरून अजून पाणी निथळत होतं. वैशालीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिला पुढच्या तासाला जायचं होतं. मी चष्मा उचलला, खाली आले आणि मॅडमच्या शेजारी ऑटोत बसले.

ऑटो जेमतेम कोपऱ्यावर पोहोचला असेल, तोच मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला घट्ट लावला.

"बोल बेटा. किती?"

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पाच पॉइंट तीन, मॅडम."

"पुन्हा सांग?"

"पाच पॉइंट तीन."

"छान," मॅडम म्हणाल्या. "छान केलं." फोन बंद करून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि काठी दोन्ही हातांत धरून बसल्या. बाजार गेला, वेशीची कमान गेली. मी बाहेर बघत होते. गाडीच्या थांब्याजवळ ऑटो हळू झाला तेव्हा त्या समोर बघतच मला म्हणाल्या, "वंदना, बशी इतक्या लवकर गार कशी झाली गं?"

मी त्यांच्या हातात चष्मा दिला. 

मॅडमनी चष्मा घातला, गाडीत चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी होते. त्या आता परत विचारतील, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी खिडकीतून मला हात केला. दुसऱ्यांदा विचारलं नाही.